आतली कडी

९ जानेवारी

धाकट्या मिस्त्रीस थोरल्या मिस्त्रीचा आशीर्वाद.

या घरात मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: सगळी दारं, म्हणजे सात. खिडक्यांच्या चौकटी, पुढच्या दोन सोडून. त्या घर घेतलं तेव्हाच होत्या आणि अजून कुरकुरतात. तुझ्या आईची स्वयंपाकघरातली मांडणी, जिची वरची फळी तिच्या हाताच्या मापाची आहे, माझ्या नव्हे. जेवायचं टेबल. जिना, ज्याची एकही पायरी बोलत नाही. तुझा पाळणा, ज्याचं पुढे तुझ्या पुस्तकांचं कपाट झालं. आणि तू चौथीत असताना केलेली ती छोटी मोगरी, जी घेऊन तू माझ्या शेजारी बसून खिळे वाकडे करायचीस आणि जिच्यामुळे तुला हे धाकट्या मिस्त्रीचं नाव पडलं. यातलं एकही काम मला कुणी शिकवलेलं नाही. बिजागरी कशी बसते हे मी दुसऱ्यांची मोडकी दारं उतरवून पाहिलं आणि शिकलो.

बढाई मारायला ही यादी देत नाही. बढाई आहेच, पण तिच्यासाठी देत नाही. जाताना तू जिन्यातून म्हणाली होतीस, "बाबा, या घरात तुम्ही केलेलं नाही असं काही तरी आहे का?" आता नीट फिरून पाहिलं. होतं. पुढच्या दोन खिडक्या, आणि हृदयाचे ठोके सांभाळायला तुझ्या डाव्या खांद्याच्या हाडाखाली डॉक्टरांनी बसवलेली ती डबी. पैकी खिडक्या राहिल्या, डबी तू घेऊन गेलीस.

फोन करत नाही, कारण तू बजावलं आहेस. "तुम्ही फोनवर माझं बोलणं ऐकत नाही, ठोके ऐकता," असं म्हणालीस. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. आई म्हणाली, पत्राला तिची हरकत नाही. का, ते मला कळलं. पत्रात 'आत्ता बरी आहेस ना' असं विचारता येत नाही. विचारलं तरी उत्तर येईपर्यंत ते 'आत्ता' शिळं झालेलं असतं.

आता कड्यांबद्दल. काढल्या त्या काढल्या. माफी मागायला हे पत्र नाही. पण त्या सकाळी तू बाथरूममध्ये बेशुद्ध होतीस, त्यामुळे दाराच्या या बाजूला काय चाललं होतं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. आई सांगणार नाही. म्हणून मी लिहितो.

बादली कलंडल्याचा आवाज आला. आईने हाका मारल्या, तू ओ देईनास. मी खांदा लावला. आतली कडी पितळी, मीच बसवलेली, लांब स्क्रूंची. ती निघाली, पण दार दोन बोटं आत गेलं आणि थांबलं. ते आत उघडणारं होतं आणि तू दाराला टेकून पडली होतीस. जोर करावा तर तो तुझ्यावरच. मग मी वरचा फलक फोडायला घेतला. बाजारचं दार असतं तर एका लाथेत भगदाड पडलं असतं. हे मी केलेलं होतं. आयुष्यात मी कुणाच्या कामाला एवढ्या शिव्या दिल्या नसतील. शेवटी एक भोक पडलं आणि त्यातून तुझी आई आत उतरली, कारण मी मावत नव्हतो. तिच्या दंडावर तो वण आहे तो पोळल्याचा नाही. तिने तुला बाजूला ओढलं तोवर तू डोळे उघडले होतेस, आणि म्हणालीस, "दाराला काय झालं?"

तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेवढ्यात मी सातही दारं फिरवून बाहेर उघडणारी केली आणि कड्या सगळ्या काढल्या. भोकांत लाकूड भरून पॉलिश मारलं. बोट फिरवलं तरी कळणार नाही. तुझ्या मात्र आल्या आल्या लक्षात आलं.

तू म्हणालीस, "मी चोवीस वर्षांची आहे आणि मला कपडे बदलताना गाणं म्हणावं लागतं, म्हणजे कुणी आत येणार नाही." मी म्हटलं, म्हण की, तुझा गळा चांगला आहे. तो विनोद होता. आई म्हणते विनोदाला एक वेळ असते, ती तुम्हाला कुणी शिकवली नाही आणि तुमची तुम्ही शिकलाही नाहीत.

हल्ली लवकर दमतो. काम तेवढंच आहे. आई विचारते आहे, पत्रात सगळी दारंच लिहिणार का, पोरगी जेवते का ते विचारा. विचारलं असं समज.

थोरला मिस्त्री


२ फेब्रुवारी

धाकट्या मिस्त्रीस,

तुझं पत्र आलं. अर्धं पान आहे, पण आहे. आईने ते फ्रिजवर लावलं होतं, मी काढून माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवलं. तिथे कुणी हात लावत नाही.

चष्म्याच्या दुकानात तुला मागच्या खोलीत काचा घासायचं काम दिलं हे चांगलं झालं. काउंटरवर उभं राहण्यापेक्षा बरं. काच बोटावर धरून खिडकीची रेघ सरळ दिसते का ते बघतेस असं लिहिलं आहेस. मी दाराच्या पल्ल्याची कड अशीच बघतो. हे तुला मी शिकवलेलं नाही, पण कुठून आलं ते मला माहीत आहे.

गोळ्यांनी हातपाय ओल्या पोत्यासारखे होतात हे डॉक्टरांना सांगितलंस का? सांगितलं असशील. "जिन्यात मधेच बसावं लागतं आणि वरच्या मजल्यावरच्या आजी मला ओलांडून जातात, जाताना 'हल्लीची पोरं' म्हणतात," हे वाचून तुझी आई हसली आणि मग गॅसकडे तोंड करून उभी राहिली. तुझ्या पिशवीचा पट्टा डबीवर घासतो म्हणून तू पट्ट्याला आतून कापसाची गादी शिवलीस, ते वाचून मला बरं वाटलं. दुखतं म्हणून रडण्यापेक्षा दुखतं तिथे काहीतरी करावं.

आता तुझा प्रश्न. "बाथरूमचं दार आत उघडतं. मला ते बाहेर उघडणारं करून हवं आहे. तुम्ही येऊ नका. कसं करायचं ते लिहा." मी येऊ शकतो. शनिवारी निघून रविवारी काम करून रात्री परत. घरमालकिणीशी बोलायचीही गरज नाही. पण येऊ नका म्हणाली आहेस, तर येत नाही.

नीट वाच, आणि वाचून झालं की हत्याराला हात लावण्याआधी पुन्हा वाच.

आधी पलंग सरकव. दार बाहेर उघडणार म्हणजे तुझ्या खोलीत येणार, आणि तू दिलेल्या मापांवरून ते पलंगाच्या पायाला अडणार. लोक हे दार बसवून झाल्यावर बघतात.

मग पल्ला उतरव. खालच्या बिजागरीपासून सुरू कर, वरची शेवटी. पल्ल्याखाली दोन जाड पुस्तकं सरकव, म्हणजे भार तुझ्या हातावर येणार नाही. दुकानातली ती बडबडी मैत्रीण धरायला बोलाव. धरताना बोलली तरी चालेल, हलता कामा नये.

चौकटीला एक पट्टी ठोकलेली असेल, जिच्यावर दार येऊन टेकतं. ती पटाशीने हळूहळू उचकट. मोडू नकोस, तीच तुला उलट्या बाजूला लावायची आहे. बिजागऱ्यांच्या नव्या खाचा खोलीकडच्या कडेला घे. खाच बिजागरीच्या जाडीइतकीच. खोल गेली तर दार मिटताना चौकटीला ताण देतं आणि महिन्याभरात स्क्रू सैल पडतात. उथळ राहिली तर फट दिसते. जुन्या भोकांत लाकडाची काडी गोंद लावून ठोक आणि वाळू दे. वाळू दे म्हणजे वाळू दे. तू लहानपणी फुंकर मारायचीस तसं नाही.

ड्रिल मशीन वापरू नकोस. मोटार छातीच्या जवळ धरायची नाही हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. टोच्याने भोक पाड आणि हाताने पिळ. दमलीस की थांब. हे बाप म्हणून लिहीत नाही. दमलेल्या हातात पटाशी द्यायची नसते, हा मिस्त्रीचा नियम आहे.

पटाशी पार्सलने पाठवतो आहे. माझी आहे, धार केलेली. खोकं उघडायला वापरलीस तर मला कळेल.

थोरला मिस्त्री


२२ फेब्रुवारी

धाकट्या मिस्त्रीस,

दार अर्ध्यात येऊन फरशीत रुतलं, ही चूक तुझी नाही. माझी आहे.

बाथरूमची फरशी खोलीपेक्षा खाली असते, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. आत उघडत होतं तोवर पल्ल्याला खाली जागा होती. तोच पल्ला खोलीकडे फिरवला की फरशीला घासणार. त्याची खालची कड आधी कापून घ्यायला हवी. आपल्या घरी मी ती कापली होती, पण हाताने कापली, डोक्याने नाही, म्हणून कागदावर उतरली नाही. पत्रावरून काम सांगायची ही माझी पहिली वेळ. तीस वर्षांत गिऱ्हाइकाचं दार मी फरशीत अडकवलेलं नाही, आणि पोरीचं अडकवलं.

तू पल्ला पुन्हा उतरवून करवतीने कड कापलीस, "रेघ थोडी नागमोडी आली, पण खालून कोण बघतंय" असं लिहिलंस. खालून कुणी बघत नाही हे खरं आहे. तरी पॉलिशपेपर मार. उघड्या कडेत पाणी शिरतं आणि लाकूड फुगतं.

सगळं मिळून चार दिवस लागले, कारण संध्याकाळी दुकानातून आल्यावर एक बिजागरी झाली की तुला आडवं व्हावं लागायचं. पडल्या पडल्या तू दाराकडे बघत होतीस आणि तुला वाटत होतं, माझ्या वयाच्या मुली नाचून दमतात. हे तू मला का लिहिलंस माहीत नाही, पण लिहिलंस ते बरं केलंस. मी त्या वयात ओझी वाहून दमायचो आणि झोपलं की सकाळी कोरा करकरीत उठायचो. तू उठतेस तीच दमलेली, असं आई सांगते. हे मला आतून कळत नाही. बाहेरून दिसतं तेवढंच.

शेवटी लिहिलं आहेस, "कडीचं काही लिहिलं नाहीत. विसरलात, की विसरलात?"

कडीचं पुढच्या पत्रात.

थोरला मिस्त्री


१४ मार्च

धाकट्या मिस्त्रीस,

काल तुझी आई भाजी निवडता निवडता बोलून गेली. "त्या झटक्यानंतर तिचा आवाज जरा—" एवढं म्हणाली आणि थांबली. मी विचारलं, कुठला झटका? ती म्हणाली, "काही नाही." मी म्हटलं, काही नाही असं एवढा वेळ थांबून कुणी म्हणत नाही.

मग कळलं. आठ दिवस झाले होते. दुकानात काच घासताना तुझे ठोके सुटले आणि डबीने झटका दिला. तू आईला फोनवर म्हणालीस, छातीच्या आतून कुणीतरी दाराला लाथ घालावी तसं झालं. खाली बसलीस, घाम पुसलास, आणि काउंटरपलीकडून गिऱ्हाईक विचारत होतं, "माझा चष्मा झाला का?" आणि तू तो पूर्ण करून दिलास. डॉक्टर म्हणाले, डबीने तिचं काम चोख केलं, गोळी थोडी वाढवू. म्हणजे तू आणखी दमणार.

आता तुला झटक्यापेक्षा पुढच्या झटक्याची वाट बघणं जड जातं, हेही तिला सांगितलंस. झोप लागता लागता दचकून उठतेस. बसमध्ये उभी राहत नाहीस, कारण पडलं तर लोक गोळा होतील. हे सगळं तिला माहीत होतं आणि ती माझ्या ताटात वरून आणखी वाढत होती.

मी तिच्यावर ओरडलो. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "तिनेच सांगितलं, बाबांना कळवू नकोस. ते येऊन मला घेऊन जातील."

यानंतर मी ओरडलो नाही.

घेऊन गेलो असतो. खोटं कशाला लिहू. टेम्पोसुद्धा ठरवून आणला असता. तुझी खोली तशीच आहे, दार बाहेर उघडतं, रात्री मी बोळातून जाताना आत बघू शकलो असतो. मला झोप लागली असती. तुला लागली असती का, हा प्रश्न मला काल पहिल्यांदा पडला. पन्नाशी उलटली माझी.

आज दिवसभर दुसरं काम घेतलं नाही. दोन कड्या केल्या. दोन्ही पितळी, कानशीने घासून, कडा मारलेल्या, बोटाला लागणार नाहीत. एक साधी: आतून सरकवली की सरकवली, बाहेरच्याने काही करता येत नाही. दुसरीला बाहेरच्या बाजूने एक चीर आहे. तीत नाणं घालून फिरवलं की उघडते. दुसरी जास्त अवघड होती आणि जास्त चांगली झाली आहे. दोन्ही टेबलावर ठेवल्या आहेत. आई येऊन बघून गेली. "कुठली पाठवणार?" म्हणाली. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "तुम्ही बघू म्हणता म्हणजे तुमचं ठरलेलं असतं." या वेळी खरंच ठरलेलं नाही.

थोरला मिस्त्री


३० मार्च

धाकट्या मिस्त्रीस,

आधी घरचं. तुझ्या खोलीच्या दाराला आणि बाथरूमला आतून कड्या बसवल्या. जुनी भोकं इतकी चांगली भरली होती की नवी पाडावी लागली. बाकीच्या दारांना आई नको म्हणाली. "आपल्याला काय लपवायचंय," म्हणाली. तू येशील तेव्हा ये. तू यावंस म्हणून बसवलेल्या नाहीत. बसवायच्या होत्या म्हणून बसवल्या.

आता रागावण्यासारखं. मंगळवारी मी तुझ्या गावात येऊन गेलो. आईला सांगितलं, लाकूड बघायला जातो. तिने डबा दोघांचा भरून दिला, म्हणजे तिला कळलं होतं.

दुपारची वेळ, तू दुकानात असशील असा माझा हिशेब. खाली तुझ्या घरमालकीण बाई मशीनवर पडदे शिवत होत्या. मी म्हटलं, वरच्या मुलीचा बाप. त्यांनी पाय मशीनवरून काढला आणि मला आपादमस्तक बघितलं.

"म्हणजे ते दाराचं खूळ तुमचं!"

मी म्हटलं, होय.

"चार संध्याकाळी ठकठक. मी वर गेले तर ही घामाघूम, हातात पटाशी. म्हटलं बाई, माणूस बोलाव. तर म्हणते, माणूस आहे, पत्राने येतो."

हे तू म्हणालीस का? बाई तिखटमीठ लावून बोलतात, पण हे वाक्य त्यांचं वाटलं नाही.

त्या उठल्या, खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि म्हणाल्या, "चला, दाखवते खोली. बापच ना तुम्ही." दार बघायची मला फार इच्छा होती. खाचा कशा आल्या, पट्टी सरळ बसली का. तू कापलेली ती कड मी गुडघ्यावर बसून बघितली असती. पण तू नसताना तुझ्या खोलीला दुसऱ्याची किल्ली लागताना मला बघवलं नसतं. मी म्हटलं, राहू द्या.

तेवढ्यात तू आलीस. दुपारी जेवायला घरी येतेस हे तू कधी लिहिलं नव्हतंस. शिवलेल्या पडद्यांच्या ढिगामागे मी स्टुलावर होतो. तू बाईंना "आले हं" म्हणालीस आणि जिना चढायला लागलीस. काही पायऱ्या झाल्या आणि पावलं थांबली. बाईंनी माझ्याकडे बघून भुवया उचलल्या, म्हणजे 'बघा, हे असं.' मी उठलो होतो. स्टुलाचा आवाज होऊ नये म्हणून तो हातात धरून उठलो होतो. वरून काहीच येईना. तुझा श्वास ऐकू येतो का बघत होतो, आणि तू म्हणालीस ते आठवलं, की मी ठोके ऐकतो. मग मी ऐकायचं थांबवायचा प्रयत्न केला. ते जमत नाही.

पावलं पुन्हा सुरू झाली. खोलीचं दार वाजलं. थोड्या वेळाने आतलं दुसरं दार. ते मी ओळखलं. फरशीला घासलं नाही. वर कुठे अडलं नाही. चौकटीला एकदम, सगळ्या उंचीवर एकाच वेळी टेकलं. तो आवाज वेगळा असतो, वीस दारांतून एखाद्याचा येतो. काम चांगलं आहे. आपण दोघांनी मिळून केलेल्या कामांत हे पहिलं, ज्याला माझा हात लागलेला नाही.

त्यानंतर कडी सरकल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. कडी नव्हतीच. दोन्ही माझ्या खिशात होत्या.

त्या मी बाईंपाशी ठेवल्या, कागदात गुंडाळून, स्क्रूसकट. दोन्ही ठेवल्या. साधी कुठली आणि चिरेची कुठली हे हातात घेतलंस की कळेल. कुठली लावलीस ते मला कळवू नकोस. आईलाही सांगू नकोस, ती भाजी निवडताना बोलून जाते.

तू खाली यायच्या आत मी निघालो. डबा बसस्टँडवर एकट्याने खाल्ला, दोघांचा. घरी पोचलो तेव्हा अंग मोडून आलं होतं. एवढं दमायला काय केलं म्हणशील तर काहीच केलं नाही.

थोरला मिस्त्री

ता. क. एक राहिलं. बाई तुला सांगतीलच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी निघताना त्या जिन्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "तुमच्या जिवाला घोर नको. रोज सकाळी मी माझ्या किल्लीने हळूच दार उघडून बघेन, उठली की नाही, आणि तुम्हाला फोन करेन. तिला कळणारसुद्धा नाही. महिन्याला आठशे द्या." मी काही बोललो नाही. त्यांना वाटलं मी घासाघीस करतो आहे. म्हणाल्या, बरं, सातशे. रोज सकाळी एक फोन. तू उठलीस एवढंच कळणार. दिवसभर मग मी माझं काम केलं असतं. त्यांनी आकडा आणखी खाली आणला. मी नको म्हणालो तेव्हा भाव सहाशेवर आला होता.